उभ्या मोटरहोमची बॅटरी दरवेळी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

मोटरहोम, कॅम्पर किंवा कॅरॅव्हान दोन-तीन महिने उभी राहिली की परत काढताना एकच तक्रार कानावर येते. आतले दिवे मिणमिणतात, पाण्याचा पंप घरघरून थांबतो आणि कधी कधी इंजिनही टकटक करून गप्प बसतं. मग बॅटरी चार्ज करायची, सहल उरकायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. असं दोनदा झालं की बहुतेक जण बॅटरीलाच दोषी ठरवून नवी आणतात. ती नवी बॅटरीही लवकरच तशीच होते, कारण जुनीला ज्यानं मारलं ते गाडीत अजून जागच्या जागी असतं.

या तक्रारीमागे तीन शक्यता असतात. एक, बॅटरी खरंच चार्ज धरेनाशी झाली आहे. दोन, बॅटरी ठणठणीत आहे, पण गाडीतलं काहीतरी रात्रंदिवस करंट खातंय. तीन, आपण चार्जर लावून निश्चिंत आहोत, पण चार्ज बॅटरीपर्यंत पोचतच नाही. बाहेरून तिन्हींचं लक्षण एकच दिसतं, उपाय मात्र तिन्हींचे पार वेगळे. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी आपल्या गाडीत यातलं काय आहे ते पक्कं करावं. त्यासाठी एक डिजिटल मल्टीमीटर, टर्मिनलला बसणारा पाना आणि आठवडाभराचा धीर एवढं पुरतं.

कुठली बॅटरी उतरली ते आधी ठरवा

मोटरहोममध्ये निदान दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी, दुसरी राहण्याच्या भागाला वीज देणारी. पुढं मी पहिलीला इंजिनाची आणि दुसरीला घराची बॅटरी म्हणतो. ओढून न्यायच्या कॅरॅव्हानमध्ये फक्त घराची असते. दोन्ही १२ व्होल्टच्या असल्या तरी त्यांचा स्वभाव वेगळा. इंजिनाची बॅटरी काही सेकंद जबरदस्त करंट देण्यासाठी बनवलेली असते, घराची तासन् तास थोडा थोडा देण्यासाठी. इंजिनाची बॅटरी पूर्ण उतरणं तिला फार लवकर मारतं.

काही गाड्यांत दोन्हींच्या मध्ये जोडणारा रिले, म्हणजे विजेनं आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असतो. तो अडकून बसला तर घरातल्या दिव्यांनी इंजिनाची बॅटरीही रिकामी होते. दोन्ही बॅटऱ्या दरवेळी एकत्रच उतरत असतील आणि दोन्हींवर व्होल्टेजही तंतोतंत सारखं दिसत असेल, तर पहिला संशय या रिलेवर घ्यावा. इंजिन बंद करून सगळ्याचे सगळे चार्जर काढा, घराच्या बाजूचे चार-पाच दिवे लावा आणि इंजिनाच्या बॅटरीचं व्होल्टेज बघत राहा. ते दिव्यांबरोबर खाली येऊ लागलं तर रिले सुटलेला नाही.

बॅटरीची परीक्षा

ही पायरी गाळू नका. बहुतेक चुकीची खरेदी हिच्यामुळे टळते.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. पूर्ण म्हणजे खरोखर पूर्ण. लेड-अॅसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास घेते. निम्मी रिकामी असेल तर चार्जर रात्रभर लावूनच ठेवा. मग चार्जर काढा, बॅटरीच्या दोन्ही केबल सोडवा आणि तिला बारा तास तशीच राहू द्या. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवेल. तो वरवरचा चार्ज असतो, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बारा तासांनी, पाणी घालायच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत, एजीएमवर (पाणी न घालावी लागणारी बंदिस्त लेड-अॅसिड बॅटरी) १२.८ किंवा किंचित जास्त. साधारण १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे पाव. ११.९ च्या खाली ती रिकामीच समजा. आकडा लिहून ठेवा, बॅटरी आठवडाभर कशालाही न जोडता ठेवा आणि पुन्हा मोजा.

आठवड्यानंतर आकडा जवळपास तिथंच असेल, तर बॅटरी आपणहून उतरत नाही. तो १२.३ वर आला असेल तर ती आतूनच गळते आहे. बॅटरी चांगली चार्ज करूनही मीटर १०.५ च्या आसपास अडकला, तर त्याचं कारण सरळ आहे. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. एक सेल मेला की १२.६ मधून २.१ गेले आणि १०.५ उरले. अशा बॅटरीवर आणखी मेहनत घेऊ नका, ती बदलावीच लागते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं आणखी स्पष्ट कळतं. पूर्ण चार्जला प्रत्येक सेलचं घनत्व १.२६५ च्या आसपास असावं. सहांपैकी एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० किंवा जास्त मागे असेल तर तोच दोषी.

व्होल्टेज ठीक असूनही बॅटरीची कुवत संपलेली असू शकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून थोडा भार टाकून बघा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर साधारण ५ अँपिअरचा भार, म्हणजे काही दिवे आणि एखादा पंखा, दहा तास ठेवला तर ती निम्मी व्हायला हवी. भार काढून काही तास विश्रांती दिल्यावर मीटर १२.२ च्या जवळ दिसावा. दोन-तीन तासांतच ती ११.५ वर बसली तर पूर्ण चार्जला दिसणारे १२.७ फसवे होते. टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण टाकीच लहान झाली आहे.

कुवत जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली की ते परत विरघळतं. पण १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे ठेवली तर त्या सल्फेटचे कडक स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उभ्या गाडीची बॅटरी वापरून जितकी झिजत नाही तितकी अशी पडून राहून मरते. याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं.

दोन बॅटऱ्या जोडीनं लावल्या असतील तर प्रत्येकीची परीक्षा वेगवेगळी घ्या. समांतर जोडणीत आजारी बॅटरी चांगलीला रोज थोडी थोडी पिते आणि एकत्र मोजलं तर दोघीही सारख्याच वाईट दिसतात.

करंट कोण खातंय

बॅटरी परीक्षेत पास झाली, तर आता गाडीकडे वळायचं. त्याआधी एक साधा हिशेब डोक्यात पक्का करा. १०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१ अँपिअर, ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांत ते २.४ अँपिअर-तास होतात आणि तीस दिवसांत ७२. शंभरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये म्हणतात. म्हणजे एवढ्याशा गळतीनंही तीन आठवड्यांत तुम्ही ती रेषा ओलांडता. गळती अर्धा अँपिअर असेल तर चार दिवस पुरे होतात.

मोजायचं असं. गाडीत सगळं बंद करा. दिवे, पंप, फ्रीज, म्युझिक सिस्टम आणि विशेषकरून इन्व्हर्टर. बाहेरची वीज काढा, सोलर पॅनेल असेल तर तेही तोडा किंवा झाकून टाका. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खोबणीत घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटरचं एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं सुटलेल्या केबलला लावा. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चुकूनही पंप चालू करू नका किंवा इंजिनाला किल्ली देऊ नका, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल. डीसी मोजणारा चांगला क्लॅम्प मीटर असेल तर केबल न सोडवताच मोजता येतं, पण स्वस्तातले क्लॅम्प काही दशांश अँपिअरच्या खाली भरवशाचे नसतात.

केबल सोडवून पुन्हा जोडल्यावर काही उपकरणं जागी होतात आणि सुरुवातीला जास्त करंट घेतात. मीटर लावून काही मिनिटं थांबा. इंजिनाच्या बाजूला मोजत असाल तर अर्धा तास थांबायची तयारी ठेवा, कारण नव्या गाड्यांचे कंट्रोल युनिट झोपायलाच तेवढा वेळ घेतात.

समजा मीटरवर ०.४६ दिसतंय. आता फ्यूजच्या पेटीपाशी कोणाला तरी बसवा आणि स्वतः मीटरवर नजर ठेवा. पहिला फ्यूज काढला, ०.४६ च. परत लावला, दुसरा काढला, तरी ०.४६. तिसरा काढला आणि आकडा एकदम ०.१७ वर आला. म्हणजे त्या एका वाटेनं जवळजवळ ०.३ अँपिअर जात होते. फ्यूजपेटीच्या झाकणावर त्या जागी नुसतं ‘दिवे’ लिहिलेलं असतं, पण त्याच वायरीवर टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टरही असतो आणि कपाटाच्या आतल्या बाजूला त्याचं बारीक लाल बटण कधीचं चालू राहिलेलं असतं. असे चोर बहुतेक कपाटाच्या आत, पलंगाखाली किंवा पायरीच्या मागे सापडतात. कारण डोळ्यांसमोरचं आपण बंद केलेलंच असतं.

नेहमीचे संशयित सांगतो. गॅस डिटेक्टर सतत चालू असतो आणि एकटाच साधारण ०.१ अँपिअरच्या घरात घेऊ शकतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असेल आणि गाडीत कोणीही झोपणार नसेल तरच तो बंद करावा, आणि परत वापर सुरू करताना सगळ्यात आधी चालू करावा. म्युझिक सिस्टम बंद असली तरी घड्याळ आणि आठवणीसाठी थोडा करंट घेते. फ्रीज बंद दिसला तरी त्याचा कंट्रोल बोर्ड जागा असू शकतो आणि काही फ्रीजमध्ये दाराच्या चौकटीवर दव धरू नये म्हणून छोटा हीटरही असतो. यूएसबी सॉकेटवरचा निळा दिवा, आपोआप बाहेर येणाऱ्या पायरीचा कंट्रोलर, सामानाच्या कप्प्यातला न विझलेला दिवा, चोरीचा अलार्म, गाडीवर नजर ठेवणारा ट्रॅकर, हीटरचा थर्मोस्टॅट, हे सगळे यात येतात.

या सगळ्यांचा दादा म्हणजे इन्व्हर्टर. काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी मोठा इन्व्हर्टर तासाला एक-दोन अँपिअर-तास खाऊ शकतो. दिवसाला ते २४ ते ४८ अँपिअर-तास झाले. तो जाड केबलनं थेट बॅटरीला जोडलेला असतो, त्यामुळे फ्यूजपेटीत त्याचा मागमूसही नसतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरत नसेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपाशी जा आणि तिथं किती वायरी येऊन मिळतात त्या मोजा. फ्यूजपेटीला न जाता निघालेली प्रत्येक वायर हाती धरून शेवटपर्यंत बघा.

कॅरॅव्हानवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. गाडीपासून कॅरॅव्हान तुटली तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून विजेच्या ब्रेकना एक आपत्कालीन स्विच असतो आणि त्यात एक पिन घातलेली असते. हा स्विचही थेट बॅटरीला जोडलेला. पिन निघाली की प्रत्येक चाकाचा चुंबक साधारण ३ अँपिअर ओढतो. चार चाकांचे बारा. भरलेली बॅटरी एका दिवसात संपते, शिवाय चुंबक तापून खराब होतात. कॅरॅव्हान उभी करताना पिन जागेवर आहे ना, हे हात लावून बघा.

मुख्य स्विच बंद केला होता, तरी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. बऱ्याच गाड्यांत दाराजवळ बॅटरी तोडायचा मुख्य स्विच असतो. तो बंद केला की आतले दिवे विझतात आणि आपण समाधानानं कुलूप लावतो. पण कारखान्यातून येतानाच काही वायरी या स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. गॅस डिटेक्टर, अलार्म, म्युझिक सिस्टमची आठवण, ब्रेकचा आपत्कालीन स्विच, इन्व्हर्टर. स्विचनं बहुतेक भार तुटतो, सगळा नाही. मुख्य स्विच बंद ठेवून वर सांगितलेलं मोजमाप पुन्हा करा. मीटरवर जे उरेल तेवढी गळती तुमच्या गाडीत स्विच बंद असतानाही चालू असते. अगदी शून्य दिसलं तरच त्या स्विचवर विसंबा.

नाहीतर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर स्वतंत्र कट-ऑफ स्विच बसवून घ्या. फिरवायचं डोकं असलेला साधा स्विच असतो. तुमच्या गाडीच्या जास्तीत जास्त करंटला पुरेल एवढ्या क्षमतेचा मात्र हवा. मी स्वतः दारापाशी असलेल्या बटणापेक्षा टर्मिनलवरच्या स्विचवर जास्त भरवसा ठेवतो, कारण तो बंद केला की करंटला बॅटरीतून बाहेर जायला वाटच उरत नाही. निगेटिव्ह बाजूला एकापेक्षा जास्त वायरी असतील तर सगळ्या त्या स्विचच्या पलीकडे गेल्या पाहिजेत, हे मात्र बघून घ्या.

केबल हातानं सोडवायची असेल तर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा आणि वायरींना रंगीत टेप लावा. बॅटरीच्या कप्प्यात चार ते आठ वायरी असतात आणि दोन महिन्यांनी कुठली कुठं होती हे कोणालाच आठवत नाही. उलटी जोडणी क्षणभर टेकली तरी काय होतं, ते पुढं येतंच.

चार्जर लावला होता, तरी उतरली

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी आहे. गाडीला बाहेरची वीज जोडली की आतला कन्व्हर्टर त्याचे १२ व्होल्ट करतो. त्यावर दिवेही चालतात आणि बॅटरीही चार्ज होते. दिवे झगझगीत लागले की आपण धरून चालतो की बॅटरीही चार्ज होत असणार. पण दिव्यांना कन्व्हर्टरकडून थेट वीज मिळते. बॅटरीची वायर तुटलेली असली तरी दिवे तसेच लागतात.

तपासायला मिनिटभरही लागत नाही. बाहेरची वीज जोडण्याआधी बॅटरीच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. समजा १२.५ आलं. वीज जोडा आणि काही मिनिटांनी पुन्हा तिथंच मोजा. आकडा १३.२ च्या वर चढायला हवा. १२.५ वरच राहिला तर चार्ज पोचत नाही.

मग कन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या टोकांवर मोजा. तिथं १३.६ आणि बॅटरीवर १२.५ असेल तर दोष मधल्या वाटेवर आहे. कन्व्हर्टरवर उलट जोडणीपासून वाचवणारे फ्यूज असतात. बॅटरी बदलताना केबल उलट्या टेकल्या असतील तर तेच उडालेले सापडतात. बॅटरीजवळ एखादा छोटा ब्रेकर असतो, तोही गंजून अडतो. आणि मुख्य स्विचला विसरू नका. काही गाड्यांत कन्व्हर्टर स्विचच्या पलीकडच्या बाजूला असतो. तिथं स्विच बंद करून बाहेरची वीज जोडून ठेवली तर महिनोन् महिने बॅटरीला एक थेंब चार्ज मिळत नाही. नीट उभी करून ठेवतोय असं समजून माणूस स्विचही बंद करतो आणि वीजही जोडतो, आणि त्या दोन्हींमुळेच बॅटरी उपाशी राहते. स्विच एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून बॅटरीवर मोजलं की तुमच्या गाडीत कसं आहे ते लगेच कळतं.

कन्व्हर्टरच्या टोकांवरही काही नसेल तर बाहेरची वीजच गाडीत येत नाही. दमट हवेत गळती ओळखणारा ब्रेकर ट्रिप होतो आणि कोणी बघायला नसल्यानं तसाच पडून राहतो.

सतत जोडून ठेवावी की नाही

कन्व्हर्टर कुठला आहे, यावर ते अवलंबून. जुना एकाच व्होल्टेजचा असेल आणि १३.६ वर महिनोन् महिने राहिला तर तो पाणी घालायच्या बॅटरीला हळूहळू उकळतो. पाण्याची पातळी प्लेटांच्या खाली गेली की उघड्या पडलेल्या प्लेटा खराब होतात. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. टप्प्याटप्प्यानं चार्ज करणारा नवा चार्जर बॅटरी भरल्यावर व्होल्टेज उतरवून १३.२ ते १३.६ च्या दरम्यान धरतो, तो जोडून ठेवायला हरकत नाही. तरीही पाणी महिन्यातून एकदा बघाच. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि चार्ज पूर्ण झाल्यावर घाला. चार्जआधी प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच घालून ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून कप्पा बंदिस्त ठेवू नका आणि जवळ ठिणगी होऊ देऊ नका.

बाहेर वीज नसेल तर सोलर. साधा हिशेब: १० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण अडीच अँपिअर-तास देतं, म्हणजे ०.१ अँपिअरची गळती कशीबशी भरून निघते. ढगाळ दिवसांत आणि हिवाळ्यात निम्मंही मिळत नाही. म्हणून आधी गळती कमी करा, मग २० ते ५० वॉटचं पॅनेल चार्ज कंट्रोलरसह लावा. कंट्रोलर वगळू नका. त्याची वायर मुख्य स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीला हवी, नाहीतर पुन्हा तीच उपासमार. बऱ्याच कंट्रोलरना आधी बॅटरी आणि मग पॅनेल जोडायचं असतं, आणि सोडवताना आधी पॅनेल. छपराखाली किंवा कव्हर घालून ठेवलेल्या गाडीवरचं पॅनेल कामाचं नाही, हे सांगायला नको, पण तरी विसरलं जातं.

वीज नाही, ऊन नाही, तर बॅटरी काढून घरी आणा. पाणी घालायची बॅटरी महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के आपोआप उतरते, एजीएम त्याहून कमी. गरम जागेत हे प्रमाण वाढतं, दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट. तेव्हा थंड, कोरडी, हवा खेळती असलेली जागा बघा आणि १२.४ ला आली की चार्ज करा. सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते हा समज जुन्या काळच्या बॅटऱ्यांचा. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही.

कडाक्याच्या थंडीत मात्र चार्जचं महत्त्व वेगळंच असतं. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठतं, पण पूर्ण उतरलेलीत ते जवळजवळ पाण्यासारखं होऊन उणे ७-८ अंशांतच बर्फ होतं आणि डबा फुटतो. गोठलेली बॅटरी कधीही चार्ज करू नका. आधी ती पूर्ण वितळू द्या आणि तडा गेला आहे का ते बघा.

लिथियमचं वेगळं

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला वरचे निम्मे नियम उलटे लागू होतात. ती पूर्ण भरून साठवायची नाही. ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून सगळं तोडा, सोलरसुद्धा. तिला कायम शंभर टक्क्यांवर धरून ठेवल्यानं आयुष्य कमी होतं. व्होल्टेज बघून तिचा अंदाजही येत नाही. २० पासून ९० टक्क्यांपर्यंत ते १२.९ ते १३.३ च्या दरम्यानच घुटमळतं. म्हणून शंटवर (बॅटरीतून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) चालणारा बॅटरी मॉनिटर लागतो, किंवा बॅटरीच्याच ब्लूटूथवर बघावं लागतं. मॉनिटरही थोडा करंट खातो, तो हिशेबात धरा.

शून्य अंशांच्या खाली लिथियम चार्ज केली तर आतल्या सेलना कायमची इजा होते. चांगल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या रक्षक सर्किटमध्ये, हे अडवायची सोय असते, पण आपल्या बॅटरीत ती आहे का हे आधीच बघून ठेवा.

लिथियमवाल्यांची नेहमीची घबराट म्हणजे मीटरवर एकदम शून्य व्होल्ट. बॅटरी मेली असं समजू नका. फार उतरल्यावर बीएमएसनं दार लावून घेतलेलं असतं. साध्या चार्जरला बॅटरी दिसतच नाही, म्हणून तो सुरू होत नाही. लिथियम जागी करायची सोय असलेला चार्जर लावला की बहुतेक वेळा ती परत येते. पण उशीर करू नका. दार लावल्यावरही बीएमएस स्वतः थोडा करंट घेत असतो आणि सेल आणखी खाली गेले तर ते वाचत नाहीत.

इंजिन आणि जनरेटर

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची सवय पुष्कळांना असते. तिचा बॅटरीला उपयोग जवळजवळ नाही. दहा मिनिटांत बॅटरी भरत नाही, आणि इंजिन नीट तापत नसल्यानं तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं. चालवायचीच असेल तर रस्त्यावर नेऊन अर्धा-पाऊण तास चालवा. नाहीतर इंजिनाच्या बॅटरीलाही छोटा देखभाल चार्जर लावा. तिची आपली गळती २० ते ५० मिलिअँपिअरची धरली तर ५० ला महिन्याला ३६ अँपिअर-तास होतात. दुसऱ्या महिन्यातच सुरू व्हायला कुरकुर का होते, ते यावरून कळतं. निदानाच्या सॉकेटमध्ये एखादं ब्लूटूथ उपकरण खोचून ठेवलं असेल तर ते काढा, ते कंट्रोल युनिटांना झोपू देत नाही.

जनरेटर असेल तर त्याला मात्र महिन्यातून एकदा, निम्म्या भारावर, तासभर तरी चालवणं चांगलं. तो बहुतेक गाड्यांत घराच्याच बॅटरीवर सुरू होतो, म्हणून बॅटरी तोडण्याआधीच हे काम उरका.

गाडी परत काढताना आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजून लिहून घ्या, मग टर्मिनल साफ करा. पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. केबल घट्ट करा, आधी पॉझिटिव्ह. गॅस डिटेक्टर चालू करून त्याचं चाचणीचं बटण दाबा, आवाज आला की मगच सिलिंडर उघडा. बाहेरची वीज जोडून बॅटरीवर पुन्हा मोजा आणि तो आकडा पहिल्याच्या खाली लिहा. उभी करतानाचा, काढतानाचा आणि चार्ज होतानाचा असे तीन आकडे बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणावर टेपवर लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी तीन शक्यतांपैकी कुठली हे मीटर हातात घेण्याआधीच बरंचसं कळलेलं असतं.